भावाचं औषधपाणी, दाखला आणि रोजचा दिवस : परवडणारी मदत कुठे मिळते?

सांजवात
२ जून, रात्री ११.४०

नमस्कार. लिहू की नको, असं बरेच दिवस चाललं होतं. आज लिहितेच.

माझा धाकटा भाऊ ३४ वर्षांचा आहे. इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला असताना आजार सुरू झाला. स्किझोफ्रेनियाचं निदान होऊन आता बारा वर्षं होतील. तो आई-बाबांजवळ तालुक्याच्या गावी असतो, मी पुण्यात नोकरी करते. बाबा जिल्हा परिषदेच्या शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झाले. डॉक्टर खाजगी आहेत, माणूस चांगला आहे, त्यांच्याबद्दल काही म्हणणं नाही. पण गाडीभाडं, फी आणि औषधं धरून महिन्याला सहा-साडेसहा हजार जातात. त्यातच गेल्या वर्षी बाबांचं हृदयाचं ऑपरेशन झालं आणि साठवलेलं सगळं तिकडे गेलं.

मागच्या आठवड्यात गावी गेले होते. देवघराच्या फळीवर आईचा जुना कुंकवाचा करंडा असतो. सहज उघडला तर आत अर्ध्या गोळ्या. सुरीने कापलेल्या, काहींचा चुरा झालेला. विचारल्यावर आई आधी काही बोलेना. मग म्हणाली, "महिनाअखेरीला पुरत नाहीत गं. रात्रीची अर्धीच देते. झोप लागते त्याला तेवढ्यावर." तीन महिने हे चाललं होतं. हल्ली तो पुन्हा खिडक्या लावून बसायला लागला, शेजारचे आपल्याबद्दलच बोलतात म्हणायला लागला, ते कशामुळे हे मला तेव्हा कळलं.

आईवर रागावू तरी कशी? पण आता हे असं चालणार नाही. सरकारी औषधं मिळतात का, आणि तीच मिळतात का? दिव्यांगाचा दाखला या आजाराला मिळतो का, आणि मिळाला तर त्याचा उपयोग काय? दिवसभर तो घरात बसून असतो, त्याला कुठे जाता येईल? आणि बाबा रोज रात्री विचारतात तो प्रश्न तुम्हा सगळ्यांना माहीत असेलच : आमच्यामागे याचं कसं?

कुणी या वाटेने गेलं असेल तर कृपया लिहा.

मोगरा
३ जून, सकाळी ७.१५

ताई, करंड्याचं वाचून पोटात कालवलं. माझ्या सासूबाईंच्या बाबतीत आम्ही हेच केलं होतं, फक्त डबी वेगळी होती. आजच त्या डॉक्टरांना फोन करून खरं काय ते सांगा. किती महिने अर्धी गोळी दिली, तेही सांगा. ते रागावणार नाहीत. गोळी एकदम पूर्ववत करायची की हळूहळू, हे त्यांनाच ठरवू द्या. बाकीचं नंतर.

पाणंद
३ जून, दुपारी १.०५

मी जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमात काम करतो, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

हा कार्यक्रम १९९६ पासून देशात आहे आणि तुमच्या जिल्ह्याच्या सिव्हिलमध्येही त्याचं पथक असणार : मानसोपचारतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ, समाजसेवा अधीक्षक आणि परिचारिका. सगळी पदं नेहमी भरलेली असतात असं नाही, हे खरं आहे. पण ओपीडी चालते आणि ठरलेल्या दिवशी पथक ग्रामीण रुग्णालयांतही जातं. तो दिवस कुठला, ते तुमच्या ग्रामीण रुग्णालयात फोन करून विचारा. आशाताईंनाही माहीत असतं. अनेक घरं ५०-६० किलोमीटर सिव्हिलला जाऊन पाच तास रांगेत उभी राहतात आणि पथक मात्र महिन्यातून एकदा त्यांच्याच तालुक्याला येऊन जात असतं.

पैशांचं म्हणाल तर, सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून केसपेपर, तपासण्या, औषधं सगळं मोफत आहे. वैद्यकीय महाविद्यालयांची आणि महापालिकांची रुग्णालयं यात येत नाहीत, तिथे थोडे पैसे पडतात. त्याच्याही आधीपासून मानसिक आरोग्य कायद्याचं कलम १८ आहे. कायदा २०१७ चा, लागू झाला २९ मे २०१८ ला. अत्यावश्यक औषधांच्या यादीतली मानसिक आजाराची औषधं ग्रामीण रुग्णालयापासून वर सगळीकडे, सदासर्वकाळ, मोफत मिळाली पाहिजेत असं त्यात स्वच्छ लिहिलं आहे. "औषध संपलंय, बाहेरून घ्या" असं कुणी म्हटलं तर वाद न घालता केसपेपरवर तसं लिहून मागा. लिहून द्यायची वेळ आली की बऱ्याचदा औषध सापडतं. नाहीच सापडलं तर तो कागद जिल्हा शल्यचिकित्सकांकडे न्यायला उपयोगी पडतो.

तीच औषधं मिळतील का? रिस्पेरिडोन, ओलांझापिन, हॅलोपेरिडॉल, लिथियम ही साधारण असतात. कंपनी वेगळी असेल, गोळीचा रंग वेगळा असेल. भावाला आधी सांगा की रंग बदलणार आहे. संशय हाच ज्याचा आजार, त्याच्या हातात न सांगता निळ्याऐवजी पांढरी गोळी ठेवली तर तो ती थुंकणार, आणि त्यात त्याचा दोष नाही. क्लोझापिन चालू असेल तर मात्र घाईने बदल करू नका. त्याला रक्ताच्या तपासण्या लागतात, पहिले १८ आठवडे तर दर आठवड्याला.

सिव्हिलमध्ये एखादं औषध नसेल तर जनऔषधी केंद्रात, म्हणजे स्वस्त जेनेरिक औषधांच्या सरकारी योजनेतल्या दुकानात, बघा. फरक बराच पडतो.

रात्री-अपरात्री काही झालं तर टेलि-मानस ही सरकारी फोनसेवा आहे, १४४१६. मोफत आहे, चोवीस तास आहे, मराठीत बोलता येतं. फोन आजारी माणसानेच करायला हवा असं नाही. आईने केला तरी चालतो, किंबहुना तिने करावाच.

उंबरठा
३ जून, रात्री ९.३०

पाणंद यांनी नेमकं लिहिलंय. मी फक्त एक जोडतो. "स्वस्तात सांभाळतो" म्हणणारे आश्रम आणि मठ प्रत्येक जिल्ह्यात आहेत. माझ्या चुलतभावाला आम्ही अशा एका ठिकाणी ठेवलं होतं. महिन्याला चारच हजार, म्हणून घरातल्या सगळ्यांना बरं वाटलं. तीन महिन्यांनी भेटायला गेलो तेव्हा घोट्यावर साखळीचा वळ होता. त्याने पाय मागे घेतला, बोलला काहीच नाही. मानसिक आजार असलेल्या माणसाला साखळीने बांधायला त्याच कायद्याच्या कलम ९५ ने बंदी आहे. कुठेही ठेवण्याआधी मानसिक आरोग्य आस्थापना म्हणून नोंदणी आहे का, ते विचारा. प्रमाणपत्र दाखवायला टाळाटाळ झाली तर तिथून उठा.

देवाधर्माला माझा विरोध नाही. उतारा करा, नवस करा, पण गोळी चालू ठेवून.

ठाणेकर_काका
४ जून, सकाळी १०.२०

सांजवात, मी एका शुभार्थीचा बाप आहे. मुलगी आता ४१ वर्षांची. (शुभार्थी म्हणजे ज्याला आजार आहे तो आणि शुभंकर म्हणजे त्याची काळजी घेणारा. स्वमदत गटांत हेच शब्द वापरतात. 'पेशंट' म्हणण्यापेक्षा मला हे कितीतरी जवळचे वाटतात.)

तुम्ही पुण्यात आहात म्हणून सांगतो, धायरीला 'सा' म्हणजे स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन आहे. कॅनडात कॅलगरीला प्राध्यापक असलेले डॉ. जगन्नाथ वाणी यांनी १९९७ मध्ये ती सुरू केली. स्वतःच्या घरात या आजाराशी त्यांनी वर्षानुवर्षं सामना केला होता. तिथे दिवसाचं पुनर्वसन केंद्र आहे आणि शुभंकरांचा गट आहे. भाऊ गावी असला तरी तुम्ही एकट्या गटाला जाऊन या. ठाण्यात आमच्याकडे डॉ. आनंद नाडकर्णी यांची आयपीएच ही मानसिक आरोग्याची संस्था आहे, १९९० पासून. घरात दारूचाही प्रश्न असेल तर पुण्याचं मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र, १९८६ पासून. साताऱ्याकडे डॉ. हमीद दाभोलकर यांची 'परिवर्तन' संस्था आहे, त्यांनी गावोगाव मानसमित्र तयार केले आहेत.

गटात जाऊन काय होतं, असं मला पूर्वी वाटायचं. पहिल्या दिवशी मी कोपऱ्यात बसलो होतो. एक बाई सांगत होत्या, मुलगा ताटातल्या पोळीचा वास घेऊन बघतो आणि मगच खातो. मी अठरा वर्षं हे रोज बघत होतो आणि जगात फक्त माझ्याच घरी असं होतं असं समजत होतो. त्या दिवशी घरी येऊन मी बायकोला म्हणालो, पुढच्या वेळी तूही चल.

आईमी
४ जून, दुपारी ३.४५

धाग्याशी थोडं अवांतर आहे, क्षमस्व. माझा मुलगा ४ वर्षांचा आहे, स्वमग्नता (ऑटिझम) सांगितली आहे. आम्ही मराठवाड्यात राहतो. स्पीच थेरपीला एका वेळचे ५०० रुपये, आठवड्याला तीनदा. ह्यांचं दुकान आहे, छोटं. दोन महिने केली, आता बंद केली. त्याने 'पापा' म्हणायला सुरुवात केली होती, ते पण थांबलं. लहान मुलांसाठी असं काही आहे का?

पाणंद
४ जून, संध्याकाळी ६.१०

ताई, अवांतर मुळीच नाही.

सिव्हिलमध्ये 'डीईआयसी' कुठे आहे ते विचारा. मराठीत जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्र. पण मराठी नावाने विचारलंत तर कदाचित कुणाला कळणार नाही, 'डीईआयसी' म्हणूनच विचारा. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा तो भाग आहे. जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी आणि थेरपी तिथे मोफत होते. अंगणवाडीत तपासणीला डॉक्टरांची गाडी येते ती याच कार्यक्रमाची, त्यांच्याकडूनही चिठ्ठी मिळते. तिथे रोजच्या रोज थेरपी मिळणार नाही. म्हणून प्रत्येक वेळी थेरपिस्टला एकच विचारा : "पुढच्या खेपेपर्यंत मी घरी काय करून घेऊ?" आणि शक्यतो त्यांच्यासमोर एकदा करून दाखवा.

दुसरं म्हणजे निरामय विमा. केंद्र सरकारच्या राष्ट्रीय न्यासाची (नॅशनल ट्रस्ट) योजना आहे. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक दिव्यांगत्व आणि बहुदिव्यांगत्व या चारांसाठी. वर्षाला एक लाखापर्यंत, आणि यात नुसतं ॲडमिट होणं नाही तर ओपीडी आणि थेरपीचा खर्चही काही मर्यादेपर्यंत मिळतो. आधी कुठलीही वैद्यकीय तपासणी नाही. नोंदणीला दारिद्र्यरेषेवरच्यांना ५०० रुपये, खालच्यांना २५०. पावत्या मात्र आजपासून जपा. सांजवात, तुमच्या भावाला हा विमा लागू नाही, नुसता मानसिक आजार त्यात येत नाही. हे मला स्वतःला फार खटकतं, पण तसं आहे.

मुलगा शाळेत जायला लागला की समग्र शिक्षाच्या विशेष तज्ज्ञ शिक्षकांना भेटा. गटसाधन केंद्रात असतात.

आईमी
४ जून, रात्री ८.००

डीईआयसी हा शब्दच आज पहिल्यांदा ऐकला. सोमवारी जाते. खूप खूप धन्यवाद दादा.

तिफण
५ जून, सकाळी ६.३०

आम्ही वऱ्हाडातले, दोन एकर कोरडवाहू. बायकोले सहा वर्षांपासून आजार हाय. सिव्हिलचं औषध चालू, चांगला गुण हाय. दाखला काढला ४५ टक्के, त्यावर संजय गांधी निराधार योजनेचं अनुदान चालू झालं. पह्यले महिन्याले १५०० येत होते, दिव्यांगायले ऑक्टोबर २०२५ पासून २५०० केले सरकारनं. अर्ज तहसीलात. उत्पन्नाचा दाखला ५० हजाराच्या आतला लागते, १५ वर्षांचा रहिवासी लागते.

एक गोष्ट कोणी सांगत नाही ते सांगतो. ग्रामपंचायतीनं आपल्या उत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगावर खर्च करा लागतात. नगरपालिकेले पण हाय. मी ग्रामसभेत उभा राहून विचारलं का आमच्या गावाचे ५ टक्के कुठं गेले. पह्यले दोन सभा कोणी बोललं नाही. तिसऱ्या सभेत गावातल्या सात घरायले मिळाले. माया एकट्याले नाही, सातही घरायले. हे लक्षात घ्या.

सांजवात
५ जून, रात्री १०.५०

सगळ्यांचे मनापासून आभार. तिफणदादा, तुमचा प्रतिसाद मी बाबांना फोनवर वाचून दाखवला. दोनदा वाचायला लावला त्यांनी.

मोगराताई, डॉक्टरांना सांगितलं. ते थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "आधी सांगायचं होतंत, मी स्वस्तातली लिहून दिली असती." आम्हाला वाटत होतं की पैशांचं बोलणं डॉक्टरांकडे काढायचं नसतं.

बाबांना पेन्शन आहे, त्यामुळे निराधार योजनेत आम्ही बसणार नाही. मग दाखला काढून उपयोग आहे का?

कऱ्हाकाठ
६ जून, सकाळी ११.१५

ताई, मी पंचायत समितीत लेखा विभागात होतो, आता निवृत्त आहे. तुमच्या वडिलांच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर त्या दाखल्यातच आहे, म्हणून जरा नीट वाचा.

महाराष्ट्र नागरी सेवा (निवृत्तिवेतन) नियम १९८२ प्रमाणे, मनाच्या किंवा शरीराच्या दिव्यांगत्वामुळे ज्याला स्वतःची उपजीविका करता येत नाही अशा मुलाला किंवा मुलीला, वयाची अट ओलांडली तरी, आई-वडिलांच्या पश्चात कौटुंबिक निवृत्तिवेतन हयातभर मिळू शकतं. जिल्हा परिषदेच्या शिक्षकांनाही हेच नियम लागतात. अडचण काय होते, तर वडील जातात, आई जाते, आणि मग पंधरा वर्षांनी एखादा भाऊ नाहीतर पुतण्या त्या माणसाला हाताला धरून कार्यालयात आणतो. मूळ कागदांत त्याचं नावच नसतं. आजार आधीपासून होता हे सिद्ध करायला तेव्हा काहीच हाताशी नसतं. अशी माणसं मी टेबलासमोर उभी राहिलेली बघितली आहेत. फाइल परत करताना हात जड व्हायचा.

म्हणून वडील हयात असतानाच त्यांच्या सहीने अर्ज द्या : कुटुंबाच्या तपशिलात मुलाची दिव्यांग म्हणून नोंद घ्यावी. सोबत दाखला, जुने केसपेपर आणि पहिल्या निदानाचा कागद. पोच घ्या. पोचेची प्रत तुमच्याकडे ठेवा, गावी नको.

शिवाय प्राप्तिकरात अवलंबून असलेल्या दिव्यांग नातेवाइकासाठी (१९६१ च्या कायद्यात हे कलम ८०डीडी होतं) : जुन्या करपद्धतीत ७५ हजारांची वजावट, ८० टक्के आणि वर दिव्यांगत्व असेल तर सव्वा लाखाची. भाऊ तुमच्यावर अवलंबून असेल तर तुम्हालाही घेता येते.

सांजवात
६ जून, दुपारी १२.००

कऱ्हाकाठ काका, काय बोलू. बारा वर्षांत हे आम्हाला कुणीही सांगितलं नव्हतं.

सांजवात
१९ जुलै, रात्री ११.१०

इतके दिवस लिहिलं नाही. आधी चांगलं सांगते. सिव्हिलची औषधं सुरू झाली. डॉक्टर म्हणाले, गोळ्यांचा रोज वाद होत असेल तर महिन्याच्या इंजेक्शनचा विचार करू, ते आपल्याकडे आहे.

दाखल्याचं मात्र फिसकटलं. स्वावलंबन पोर्टलवर, म्हणजे दिव्यांग दाखल्याच्या सरकारी संकेतस्थळावर, अर्ज भरला, तारीख मिळाली. मी रजा काढून गेले. आईने आदल्या रात्री त्याचा निळा शर्ट इस्त्री केला. सकाळी त्याला गरम पाण्याने आंघोळ घातली, केसांना तेल लावून भांग पाडून दिला. चारचौघांत न्यायचं म्हणून. आत डॉक्टरांनी विचारलं, "आंघोळ स्वतः करतो का?" आई म्हणाली, "हो, करतो की." "घरात बोलतो?" "बोलतो. शांत आहे हो तो, कुणाला त्रास नाही त्याचा." "काही काम?" "बाजारातनं भाजी आणतो." आणली होती त्याने, दिवाळीत एकदा.

मी शेजारीच उभी होते आणि मला आईचं बोलणं तोडवेना. मुलगा चांगला आहे हे ती बारा वर्षं सगळ्या जगाला पटवत आली आहे. तिथे त्या खुर्चीत बसून एकदम उलटं कसं बोलणार होती ती?

४० टक्क्यांच्या खाली आलं. बाहेर बाकावर बसल्यावर तो मला म्हणाला, "नापास झालो का?"

पाणंद
२० जुलै, सकाळी ७.५०

तुम्ही कुणीही चुकलेले नाही. निम्म्या घरांचं असंच होतं.

तिथे काय मोजतात ते सांगतो. मानसिक आजाराला 'आयडियाज' नावाची मोजपट्टी आहे. चार बाबी : स्वतःची काळजी, माणसांशी संबंध, बोलणं-समजणं आणि काम. प्रत्येकीला शून्य ते चार गुण. शिवाय गेल्या दोन वर्षांत किती महिने आजार होता, त्याचे आणखी चारपर्यंत. एकूण २०. सात आणि वर गेलं की ४० टक्के किंवा जास्त मानतात. म्हणजे आजाराचं नाव किती मोठं आहे याला तिथे फारसं महत्त्व नाही. रोजच्या जगण्यात अडतं कुठे आणि दुसऱ्याला किती करावं लागतं, हे मोजतात. 'आंघोळ करतो' आणि 'सहा वेळा सांगितल्यावर, कुणीतरी दाराशी उभं राहिलं तर करतो' यांना वेगळे गुण आहेत.

निकालाविरुद्ध ९० दिवसांत अपील करता येतं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचं कलम ५९. त्याआधी दोन-तीन आठवडे रोज लिहून ठेवा. खोटं काही नको, वाढवूनही नको. काय झालं, किती वेळा सांगावं लागलं, एवढंच. आईला तोंडाने सांगणं जड जातंय, तर कागदाला सांगू द्या. आणि भावाला विश्वासात घ्या. त्याच्यासमोर त्याच्या उणिवा वाचल्या जाणार आहेत, ते त्याला अचानक ऐकायला लागू नये. तो नापास झालेला नाही, हे त्याला माझ्याकडूनही सांगा.

गोमंत
२१ जुलै, दुपारी ४.२०

मी गोव्याहून. इथे बांबोळीची मानसोपचार संस्था आहे, आणि १९९६ पासून 'संगाथ' संस्था काम करते आहे. डॉक्टर नसलेल्या, गावातल्याच माणसांना शिकवून समुपदेशक करायचं काम त्यांनी इथे प्राथमिक आरोग्य केंद्रांत करून दाखवलं, पुढे विदर्भातही केलं. नाशिक जिल्ह्यात पेठ तालुक्यात 'आत्मियता' नावाचा प्रकल्प साधारण याच धर्तीवर झाला होता, पुण्याच्या आयएलएस विधी महाविद्यालयाच्या मानसिक आरोग्य केंद्राचा. हे सांगण्याचं कारण, तुमच्या भावाच्या रोजच्या दिवसासाठी तज्ज्ञच हवा असं नाही. गावातला एक समजूतदार माणूस, ज्याच्याकडे तो रोज ठराविक वेळी जाईल, तोही पुष्कळ झाला. असा कुणी आहे का, बघा.

ठाणेकर_काका
२१ जुलै, रात्री ८.४०

गोमंत यांना पूर्ण अनुमोदन. माझी मुलगी नऊ वर्षं एका ओळखीच्या शिवणकामाच्या दुकानात बटणं लावायला जाते. पैसे फार नाहीत. पण सकाळी दहा वाजले की ती चपला घालते.

आईमी
३ ऑगस्ट, दुपारी २.१०

डीईआयसीला चार वेळा जाऊन आले. थेरपिस्ट मॅडमनी घरी करायला फुंकर मारायचे खेळ दिले, मेणबत्ती, साबणाचे फुगे. निरामयचा फॉर्म पण भरला. काल पुन्हा 'पापा' म्हणाला. हे दुकानात होते, मी फोन लावून दिला.

सांजवात
९ नोव्हेंबर, रात्री ९.३०

ज्यांनी ज्यांनी लिहिलं त्यांच्यासाठी पुढचं सांगते.

पाणंददादांनी लिहून ठेवायला सांगितलं आणि ते बाबांनी अंगावर घेतलं. शाळेतला एक कोरा हजेरीपट घरात पडून होता. त्यात त्यांनी रकाने आखले : उठणे, दात घासणे, आंघोळ, जेवण, बाहेर जाणे. प्रत्येक रकान्यात, किती वेळा सांगितले तो आकडा. उजवीकडे शेरा. मुख्याध्यापकी अक्षर, निळी शाई, आणि ज्या दिवशी तो न सांगता काही करायचा तो आकडा लाल शाईत, गोल करून. भाऊ रोज संध्याकाळी येऊन लाल गोल मोजायचा. पहिल्या आठवड्यात दोन होते.

अपिलाच्या वेळी आई काही बोललीच नाही. बाबांनी हजेरीपट पुढे ठेवला. डॉक्टरांनी पानं उलटून पाहिली, शेवटी भावालाच विचारलं, "हे बरोबर लिहिलंय का?" तो म्हणाला, "बरोबर आहे. पण ऑगस्टमध्ये सुधारलंय." ५२ टक्क्यांचा दाखला मिळाला, पाच वर्षांसाठी. दिव्यांगाचं पिवळं ओळखपत्रही आलं. काका, पेन्शनच्या कागदात नोंदीचा अर्ज दिला, पोच माझ्याकडे पुण्यात आहे. ती हातात आल्यापासून बाबांचा रात्रीचा प्रश्न बंद झाला असं नाही, पण आता रोज नसतो.

इंजेक्शन महिन्याला ग्रामीण रुग्णालयातच देतात. खर्च म्हणजे रिक्षाचे ऐंशी रुपये. कुंकवाचा करंडा आईने धुऊन पुन्हा देवघरात ठेवलाय, कुंकू भरून.

आणि गोमंत, तुम्ही म्हणालात तसा माणूस गावात होता. सार्वजनिक वाचनालयाचे ग्रंथपाल बाबांचे विद्यार्थी निघाले. भाऊ सकाळी नऊ ते अकरा तिथे जातो. आलेली वर्तमानपत्रं काठीला लावतो, जुनी तारखेप्रमाणे गठ्ठ्यात बांधतो. मध्ये चार दिवस गेला नाही, खिडकी लावून घरातच बसला. पाचव्या दिवशी ग्रंथपाल स्वतः आले आणि दारातूनच म्हणाले, "अरे, मंगळवारचा पेपर सापडत नाहीये." तो उठला आणि त्यांच्याबरोबर गेला.

सिव्हिलच्या रांगेत आमच्या तालुक्यातली आणखी तीन घरं भेटली. डिसेंबरच्या पहिल्या रविवारी आमच्या ओसरीवर बसायचं ठरलंय, दुपारी चारला, चहा आईचा. पश्चिम महाराष्ट्रातलं, आमच्या बाजूचं कुणी वाचत असेल तर मला व्यक्तिगत निरोप करा, गावाचं नाव कळवते. शुभार्थींनाही घेऊन या. त्यांच्यासाठी भाऊ कॅरम काढून ठेवणार आहे.